पहिला चेक आल्याच्या दिवशी

माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो. मी हिशेबातला माणूस. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांना पैशांचे व्यवहार शिकवायला मला बोलावलं, तेव्हा मी चक्रवाढीचा तक्ता घेऊन गेलो. विसाव्या वर्षी ७,००० डॉलर निवृत्ती खात्यात टाका, वर्षाला सरासरी ७ टक्के वाढ धरा, पासष्टाव्या वर्षी त्याचे जवळपास १ लाख ४७ हजार होतात. मला वाटलं, पोरं थक्क होतील. समोर पहाटेचा व्यायाम उरकून आलेली चाळीसेक मुलं-मुली बसलेली. निम्म्यांची धडपड डोळे उघडे ठेवण्यासाठी चाललेली. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेल्या पोराला पुढच्या सीझनपलीकडचं दिसत नाही, त्याला मी पासष्टावं वर्ष दाखवत होतो.

तास संपल्यावर व्हॉलीबॉल खेळणारी एक मुलगी थांबली. फोनवर एका दुकानाचा करार उघडलेला. "यावर सही करू का?" एवढंच तिने विचारलं. आम्ही दोघं तिथेच उभ्याने तो करार वाचत बसलो, तर दारातून निघालेले सहा-सात जण परत आत आले. त्या दिवसापासून तक्ता घरीच असतो. शिकवायचं ते त्यांच्या स्वतःच्या कागदावर, आणि कागद हातात आल्यावर.

हे कागद आले कुठून, ते थोडक्यात सांगतो. 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने १९५०च्या दशकात रूढ केला. जखमी खेळाडूने कामगार म्हणून भरपाई मागू नये, हा त्यामागचा हेतू होता. पुढे जाहिरातीतून पैसे घेतले तर खेळायची पात्रताच जायची. १ जुलै २०२१ पासून आपलं नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली. यालाच तिथे एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली आणि आता विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे ज्यांना सत्तर वर्षं 'तू कमावणारा नाहीस' म्हणून बजावलं, त्यांना एका सकाळी कळलं की आपण स्वतंत्र व्यावसायिक आहोत. तेही अठराव्या वर्षी!

आता हिशेब बघा. समजा, वर्षभरात एनआयएलचे १०,००० डॉलर आले आणि दुसरी कमाई नाही. नोकरीत कर कापून पगार हातात पडतो; इथे दहाच्या दहा हजार खात्यात. लॉकर रूममधला कुणी शहाणा सांगतो, "एवढ्यावर आयकर लागत नाही." बरोबर आहे त्याचं, सगळी रक्कम प्रमाणित वजावटीत, म्हणजे आयकरातून सरसकट मिळणाऱ्या ठराविक सवलतीत बसते. पण सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांसाठीचा स्वयंरोजगार कर वेगळा असतो. निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की तो लागू. निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के. काही खर्च वजा नसेल तर १,४१३ डॉलर. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग शांत होतो, कारण तोवर बहुतेकांचे पैसे संपलेले असतात. आणि फुकट मिळालेले बूट, वापरायला दिलेली गाडी? कामाच्या बदल्यात मिळालेल्या वस्तूची बाजारातली किंमतही उत्पन्नच. इथे हमखास कुणीतरी आपल्या पायांकडे बघतं.

कर साठत गेला तर तो हप्त्यांनी भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. याला तिमाही हप्ते म्हणतात, पण मधलं अंतर कधी दोन महिन्यांचं, कधी चार. सरकारचं तीनपर्यंत मोजणं वेगळं असावं. मी या तारखा त्यांच्या सामन्यांच्या वेळापत्रकातच घालायला सांगतो, आणि पैसे आले त्याच दिवशी पाव हिस्सा दुसऱ्या खात्यात वळवायला. इच्छाशक्तीवर मी काही सोपवत नाही. ही पोरं शिस्तीत माझ्यापेक्षा दहापट कडक आहेत, पण त्यांच्या शिस्तीला कोच, शिट्टी आणि घड्याळ असतं. पैशाला शिट्टी नसते.

कराराकडे वळू. यात मला खरी भीती वाटते. रक्कम सगळे वाचतात, मुदत कुणी वाचत नाही. तुमचा फोटो किती वर्षं वापरणार? कायमचा? दुसऱ्या कंपनीचं काम करायला बंदी आहे का? दुखापत झाली तर उरलेले पैसे मिळणार का? फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूने २०२२ मध्ये एका कंपनीकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले. बदल्यात लिहून दिलं की पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये गेल्यास कर कापण्याआधीच्या कमाईचे १५ टक्के, २५ वर्षं. प्रकरण पुढच्याच वर्षी न्यायालयात गेलं. मी हा करार वर्गात ठेवतो आणि विचारतो, हे कर्ज की विक्री? एकदा यावर पाऊण तास भांडण झालं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

पण एक गोष्ट लपवू नये. वर्गातल्या बहुतेकांना असे करार मिळतच नाहीत. एनसीएएच्या डिव्हिजन तीन या गटातल्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. पोहणारे, धावणारे अर्धवट शिष्यवृत्तीवर भागवतात. त्यांना वेगळंच सांगावं लागतं: शिक्षण शुल्क आणि पुस्तकांसाठी वापरलेली शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्या-जेवण्याची करपात्र. पालकांनाही हे ऐकून धक्का बसतो. परदेशातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना तर मी आधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयात पाठवतो. त्या व्हिसावर काम करायला कडक बंधनं आहेत आणि चुकीच्या सहीची किंमत दंडाहून मोठी असते. क्रेडिट कार्डाचंही तसंच. २००९च्या कायद्यानुसार एकविसाच्या आतल्यांना स्वतःचं उत्पन्न दाखवल्याशिवाय किंवा हमीदाराशिवाय कार्ड मिळत नाही. एनआयएलने हे दार आपोआप उघडलं, आणि ते उघडल्याचं कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या तासाला कागद नसतो. दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या. एकाने खेळाडू व्हायचं, दुसऱ्याने त्याचा मामेभाऊ, फोनवर. मामेभावाची गाडी बंद पडलीय, आठशे डॉलर हवेत, "तुझ्याकडे आता काय कमी आहे?" खेळाडूने नाही म्हणायचं, खोटं न बोलता आणि नातं न तोडता. गेल्या वर्षी फुटबॉल संघातला एक साडेसहा फुटांचा लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) या खेळात तीनदा हरला. तिन्ही वेळा त्याने पैसे देऊन टाकले, तिसऱ्यांदा तर हजार कबूल केले. चौथ्यांदा घाम पुसत म्हणाला, "माझे पैसे दुसऱ्या खात्यात असतात, रविवारी बघून सांगतो." समोरचा मामेभाऊ जागेवरून उठला आणि म्हणाला, "रविवारी किती वाजता?"