जुनी सेलबोट घेताय? आधी डेक ठोकून बघा

(हातात प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी)

नमस्कार मंडळी. जुनी क्रूझिंग सेलबोट घेताना काय बघायचं, हे विचारणाऱ्या कमेंट थांबत नाहीयेत, म्हणून आज तेवढंच. आपण बोलतोय 30 ते 36 फुटी, फायबरग्लासच्या बोटींबद्दल. ब्रिटन, अमेरिका, भूमध्य समुद्र, सगळीकडे 1970-80च्या अशा बोटी ढिगाने विकायला आहेत.

उघड गोष्टी भराभर उरकतो. शिडाच्या शिवणीवर नख घासा. दोरा पटकन तुटला, तर कापड कितीही पांढरंशुभ्र असो, उन्हाने दोरा खाल्लेला आहे. इंजिनासाठी मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर का तापवून ठेवलंय ते विचारा, कारण थंड इंजिन कसं उठतं तेच बघायचं असतं. सुरू झालं की एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी पडायला हवं. डिपस्टिकवर दुधाळ तेल आलं तर तेलात पाणी शिरलंय. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनापासून तळातून खाली उतरणारा पंख्याचा पाय, असेल तर तळातल्या रबरी डायफ्रामची पावती मागा, व्होल्वो पेंटा तो दर 7 वर्षांनी बदलायला सांगते. तळातले व्हॉल्व्ह प्रत्येक उघडून-मिटून बघा. बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हा ते स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडा. धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते नुसतं ठिसूळ तांबं. असा व्हॉल्व्ह कधीतरी हातात तुटून येतो, आणि भोक पाण्याखाली राहतं.

"दादा, 40 वर्षांत फक्त 900 तास चाललंय, म्हणजे इंजिन नवंच ना?" नाही हो! वर्षाला साडेबावीस तास. डिझेल इंजिन चालून मरत नाही, बसून गंजतं.

आता हातोडी.

जुन्या बोटीचा डेक बहुतेक वेळा सँडविच असतो. वर फायबरग्लासचा थर, खाली तसाच थर, मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचे छोटे ठोकळे नाहीतर प्लायवूड. हलका आणि ताठ, उत्तम कल्पना. घोटाळा असा की कठड्याचे खांब म्हणजे स्टॅन्शन, दोर बांधायचे क्लीट, दोर ओढायचे विंच, डेकवरची झाकणं म्हणजे हॅच, डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या पट्ट्या म्हणजे चेनप्लेट, हे सगळं त्यातून आरपार बसवलेलं. एका डेकला शंभरावर भोकं सहज. भोकातलं सीलंट काही वर्षांनी वाळतं, फटीतून पाणी आत जातं, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट नसते. मधल्या लाकडाचा चहाचा चोथा होतो. वरून डेक चकाचक, हवं तर कालच रंगवलेला.

त्यातही गोडं पाणी जास्त वाईट. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी फारसं मानवत नाही, पावसाचं छान मानवतं. मुंबईत पावसाळ्याआधी बोटी बाहेर काढतात ते ठीकच, पण ताडपत्री न टाकता चार महिने तशीच ठेवलेली बोट म्हणजे डेकला गोड्या पाण्याची सलग आंघोळ.

मग ओळखायचं कसं? माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. इथेही तेच.

(टक्, टक्, टक्... बद्द.)

ऐकलंत? परत ऐका. आधी केबिनच्या छपराच्या मधोमध, जिथे एकही फिटिंग नाही तिथे ठोका. तो या बोटीचा निरोगी आवाज. तो कानात बसला की स्टॅन्शनच्या पायथ्यापासून दोन-दोन इंचांवर ठोकत बाहेर या. खणखणीत 'टक्' जाऊन 'बद्द' आलं की खडूची खूण. फिटिंगपासून सुरुवात करायची, कारण पाणी तिथूनच शिरतं. खाली बल्कहेड, म्हणजे बोटीतली आडवी भिंत, असेल किंवा मध्ये सँडविचऐवजी भरीव ग्लास असेल तिथेही आवाज बदलतो, घाबरू नका. डाव्या बाजूला जिथे बदलला, उजवीकडे बरोबर त्याच जागी ठोका. दोन्हीकडे सारखा असेल तर बहुधा बांधणी तशी आहे. एकीकडेच बद्द असेल तर पाणी.

आवाजावर भरवसा नसेल तर पायाने बघा. टाचेवर वजन टाकून डेकवर चाला. पायाखाली दबतंय? स्टॅन्शन हलवल्यावर पायथ्याशी बुडबुडा येतोय? मग हातोडीची गरजच नाही.

आणि मग खाली उतरा. हे कोणी करत नाही! छताचं अस्तर जिथून निघेल तिथून काढा आणि बोल्टच्या टोकांशी तपकिरी ओघळ आहेत का बघा. चेनप्लेट ज्या बल्कहेडला बोल्ट केलीय, तिथलं प्लायवूड काळवंडलंय का? दाभण टोचा. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात लोण्यासारखं जातं. मालकाची परवानगी घेऊन एक चेनप्लेट बाहेर काढायला सांगाच. स्टेनलेस चकचकीत राहतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. डेकच्या जाडीत, ओल्या सीलंटमध्ये कोंडलेल्या दोन इंचांना ऑक्सिजन मिळत नाही. वर चकचकीत, खाली चकचकीत, आणि मधल्या न दिसणाऱ्या पट्ट्यात खड्डे आणि चिरा. डोलकाठी त्या पट्ट्याच्या जोरावर उभी असते.

आता मीटरवाले. "मॉइश्चर मीटर घेतलाय, हातोडी कशाला?" अहो, मीटरवरची टक्केवारी लाकडासाठी आखलेली असते. फायबरग्लासवर तो आकडा नुसता तुलनेपुरता, या जागेपेक्षा ती जागा ओली एवढंच. खाली पाण्याची टाकी असेल, रात्री पाऊस पडला असेल, अस्तरामागे धातूचा पत्रा असेल, तरी काटा चढतो. शिवाय मीटर ओल सांगतो, कूज सांगत नाही. हातोडीचं उलट. गाभा ओला झाला पण थर अजून सुटले नाहीत, तर हातोडीला पत्ता लागत नाही. म्हणून दोन्ही. काटा चढलेला पण आवाज खणखणीत, तर वेळ आहे, फिटिंग काढून सुकवून परत बसवता येईल. काटाही चढलेला आणि आवाजही बद्द, तर वरचा थर कापायचा, चोथा खरवडायचा, सुकवायचं, नवा गाभा इपॉक्सीत बसवायचा, वर ग्लास, घासकाम, न घसरणारा रंग. यार्डात हे काम तासांच्या हिशेबाने चालतं आणि तास संपत नाहीत. "भोकं पाडून इपॉक्सी भरली की झालं" म्हणणाऱ्या विक्रेत्याला विचारा, ओल्या लाकडात इपॉक्सी चिकटते कशी?

तळावरच्या फोडांना लोक उगाच घाबरतात. ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासात पाणी मुरून आलेले, फोड बहुतेकदा भाव पाडायच्या कामाचे. घाबरायचं असेल तर कीलच्या, म्हणजे बोटीखालच्या जड पात्याच्या, जोडाला घाबरा. जुन्या कॅटालिना 30च्या कील-स्टबमध्ये, म्हणजे कील जिथे बसते त्या तळाच्या खुंटात, प्लायवूड असायचं. ते भिजून दबलं की जोडावर पुढच्या बाजूला चीर उघडते, तिला 'कॅटालिना स्माइल'च म्हणतात. 2014 साली 'चीकी राफिकी' ही बोट अटलांटिकमध्ये उलटी सापडली, कील गायब, चौघांचा जीव गेला. ती आधी जमिनीला लागलेली होती. म्हणून कीलच्या मागच्या टोकावर, आत जिथे फरशीखालच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्यात, तिथे टॉर्च मारून केसासारख्या चिरा शोधा. बोट जमिनीला लागली की धक्का तिथे पोचतो.

अभिलाष टॉमी 2023 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत रस्टलर 36 बोट घेऊन दुसरे आले, तेव्हापासून "तीच घेऊ का?" विचारणारे वाढलेत. घ्या की. पण त्याच मॉडेलच्या दोन बोटींपैकी एक सुकी आणि एक भिजलेली निघू शकते. नाव बघून भाव देऊ नका.

बोट तपासणारा सर्व्हेअर स्वतः शोधा, ब्रोकरने सुचवलेला नको. ऑफर देताना "सर्व्हे आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाल्यास" असं लेखी घाला. युरोपातली बोट असेल तर व्हॅट भरल्याचा कागद बघितल्याशिवाय अनामत देऊ नका. भारतात आणायची असेल तर कस्टम ड्युटी किमतीत धरूनच हिशेब करा.

आणि खडूच्या खुणा पुसू नका. सगळा डेक ठोकून झाला की वरून एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तोच ऑफरला जोडा. मालक म्हणेल, थोडीशी ओल आहे. तुम्ही फोटोतले पांढरे गोल मोजायला सांगा.