दाहाच्या काळात नायट्रिक ऑक्साइड वाढतं की घटतं?

मंडळी, हा प्रश्न विद्यार्थी मला हमखास विचारतात. दाह म्हणजे जंतू किंवा इजा यांच्याविरुद्ध शरीरात पेटणारी प्रतिक्रिया, इंग्रजीत इन्फ्लमेशन. ‘दोन्ही होतं’ एवढंच म्हटलं तर ती पळवाट वाटते, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने सशाच्या महाधमनीवर ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या निरोप्या रसायनाचा परिणाम तपासला. हा थर शाबूत असला तर धमनी सैलावायची आणि खरवडला गेलेला असला तर उलट आवळायची. म्हणजे सैलावण्याचा निरोप या थरातून सुटत होता. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू नेतो, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झालं. १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं.

निरोगी थरातलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, हा वायू अगदी जपून बनवतं. रक्ताचा प्रवाह वाढला, पेशीत कॅल्शियम चढलं की थोडासा वायू सुटतो, शेजारच्या स्नायूत शिरतो आणि काही सेकंदांत संपतो. तेवढ्यात वाहिनी रुंदावते, शिवाय प्लेटलेट्स भिंतीला चिकटत नाहीत.

दाह पेटला की दुसरंच एन्झाइम कामाला लागतं. एरवी ते जवळपास नसतंच. जंतूंचे अंश किंवा टीएनएफसारखे दाहाचे संदेश मिळाले की पांढऱ्या पेशी आणि खुद्द धमनीच्या भिंतीतले स्नायूही ते तयार करायला घेतात. त्याला कॅल्शियमच्या इशाऱ्याची गरज नसते, त्यामुळे एकदा तयार झालं की ते तासन्‌तास वायू ओतत राहतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवांवर उलटतो तेव्हा, रक्तदाब कोसळू शकतो आणि वाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनलिन हे औषध देऊनही नीट वर येत नाही, त्यात या पुराचा मोठा हात असतो.

मग हे उत्पादनच बंद केलं तर? तर्क बिनतोड वाटत होता. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब असा कोसळलेल्या, ७९७ रुग्णांवर असं औषध वापरून पाहिलं गेलं. रक्तदाब वर आला, पण २८ दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के दगावले आणि न घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या औषधाने दाहाचं एन्झाइम रोखलं, तसंच निरोगी थरातलं घरचं, शहाणं एन्झाइमही रोखलं होतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महागडा धडा तोच. रक्तदाबाचा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असं धरून चालत नाही.

आता दुसरी बाजू. मधुमेह, धूम्रपान, संधिवात यांत दाह मंद पण सतत धुमसतो. तिथे अडचण उत्पादनापेक्षा नासाडीची असते. दाहात सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकार वाढतो, तो नायट्रिक ऑक्साइडला क्षणार्धात गाठतो आणि दोघांचं पेरॉक्सिनायट्राइट होतं. हे संयुग भलतंच जहाल आहे. ते शहाण्या एन्झाइमच्या मदतनीस रेणूलाच ऑक्सिडाइझ करतं. तो मदतनीस कमी पडला की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड सोडून सुपरऑक्साइड बनवू लागतं! म्हणजे कुंपणच शेत खाऊ लागतं. वायू बनतोय, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. धमनी रुंदावण्याची क्षमता गमावते.

हे माणसात मोजताही येतं. दंडाला किंवा मनगटाजवळ पट्टा आवळून पाच मिनिटांनी सोडायचा आणि उसळलेल्या प्रवाहाने दंडातली धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाउंडवर पाहायचं. निरोगी माणसांना टायफॉइडची लस टोचली, तर त्या एवढ्याशा दाहानेही धमनीचा हा प्रतिसाद काही तासांपुरता मंदावला. आणखी बोलका प्रयोग २००७ चा. हिरड्यांच्या तीव्र आजाराच्या रुग्णांवर कसून उपचार केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी धमनीचा प्रतिसाद आधीपेक्षा खालावला. उपचारानेच दाह भडकला होता. सहा महिन्यांनी मात्र तो नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटापेक्षा सरस निघाला.