वंशाचा दिवा आणि इयन

नमस्कार, श्रोतेहो. व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला युद्ध आठवतं, आणि फार तर अलीकडचे पर्यटक. आज मी त्या देशातल्या एका घराबद्दल बोलणार आहे. २०१९ साली आलेल्या ‘थुआ मे कॉन दी’ या चित्रपटातलं हे घर. इंग्रजीत हा चित्रपट ‘गुडबाय मदर’ या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक चिन्ह दिन्ह ले मिन्ह.

अमेरिकेत नऊ वर्षं राहिलेला वान गावी परततो. निमित्त आहे वडिलांची कबर हलवण्याचं. सोबत इयन आहे, व्हिएतनामी वंशाचा पण अमेरिकेतला तरुण. घरच्यांना सांगितलंय, हा मित्र. खरं तर तो वानचा जोडीदार.

आता ही कबर हलवण्याची भानगड काय, ते सांगायला हवं. व्हिएतनाममध्ये, विशेषतः उत्तर भागात, पुरलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी बाहेर काढतात, धुतात, छोट्या पेटीत ठेवतात आणि पुन्हा पुरतात. घराघरात पूर्वजांचा देव्हारा असतो, तिथे उदबत्ती लागते. हे सगळं पुढे चालवायचं ते थोरल्या मुलाने, आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाने. श्राद्धपक्ष पाहिलेल्या आपल्या श्रोत्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे ज्या विधीसाठी वान घरी आलाय, तोच विधी त्याला विचारतोय, तुझ्यामागे कोण? कथा रचणाऱ्याची हुशारी मला इथे दिसते. नातेवाईक लग्नाचा विषय काढतात तेव्हा ते खलनायक वाटत नाहीत. त्यांना खरंच काळजी आहे.

घरात आजीही आहे. तिची आठवण गेलेली. ती इयनलाच आपला नातू समजून बसते! ज्याला या घरात जागा नाही, त्याला घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईने आधीच घरात घेतलंय. प्रेक्षक हसतो, पण वानची काय अवस्था होत असेल?

माझ्या मते हा चित्रपट मात्र आईचा आहे. होंग दाओ या अभिनेत्रीने ती उभी केली आहे. नवरा गेलेला, सासरच्या गोतावळ्यात राहणारी बाई. मुलगा हीच तिची पत. तिला कळलेलं असतं, पण कळलंय हे ती कबूल करत नाही. आपल्या घरांतही असं गप्प राहणं किती चालतं, ते मी सांगायला नको. भांडणाच्या प्रसंगांपेक्षा तिचं हे न बोलणं मला जास्त जड गेलं.

आधीच्या व्हिएतनामी चित्रपटांत समलिंगी पात्रं बरेचदा विनोदापुरतीच असायची. २०११ साली ‘लॉस्ट इन पॅराडाइज’ आला. त्याने सायगावच्या रस्त्यावर देह विकणाऱ्या तरुणांची गोष्ट गंभीरपणे सांगितली. पण ते जग घराबाहेरचं होतं. इथे गोष्ट जेवणाच्या ताटापाशी आली, म्हणून ती अवघड झाली.

गंमत म्हणजे कायदा इथे फारसा आडवा येत नाही. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी ठेवून दिलेलं ३७७ कलम होतं; व्हिएतनामवर राज्य फ्रेंचांचं होतं, तिथे असं कलम नव्हतं. २०१५ पासून समलिंगी लग्नावरची बंदीही उठली, मात्र सरकार त्या लग्नाला मान्यता देत नाही. २०२२ मध्ये तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने समलैंगिकता हा आजार नाही, त्यावर उपचार करू नका, असं डॉक्टरांना स्पष्ट कळवलं. तेव्हा वान आणि इयनने उद्या गावात मांडव घातला, तर त्यांना कोणी दंड करणार नाही. हवं तर अमेरिकेत जाऊन ते रीतसर लग्नही करू शकतात. तरी वानला हवा आहे तो आईचा होकार, आणि तो कुठल्याही कचेरीत मिळत नाही. तो मिळतो की नाही, ते मी सांगणार नाही. चित्रपट तुम्हीच बघा, जमलं तर घरच्यांसोबत. नमस्कार.