फेस आला, तर रेग्युलेटरला हात लावू नका

(बेळगावात बारमालक आणि हॉटेलवाल्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बसा. मागं उभे आहात त्यांनी पुढं यायला हरकत नाही, इथं कुणी नाव लिहून घेत नाही. पहिल्या चार रांगांत मालक मंडळी दिसताहेत, त्यांच्या मागं मॅनेजर. भिंतीकडंचे जे आहेत ते मघाशी दारात मला म्हणाले, "आम्ही घेत नाही हो, सहज आलोय." सभागृहात त्यांचंच बहुमत आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ड्राफ्ट बिअरच्या लाइनची पंधरवड्याची सफाई'. लाइन म्हणजे पिंपातनं नळापर्यंत बिअर आणणारा पाइप. चाळीस मिनिटं दिलीत. सफाईवर येणारच आहे. पण त्याआधी एक गाऱ्हाणं घालतो. ते पोटात ठेवून तेरा-चौदा वर्षं झाली, आणि ऐकून घेणारी एवढी माणसं पुन्हा एका जागी मिळायची नाहीत.

मी मूळचा फ्रिज मेकॅनिक. पहिली सहा वर्षं निपाणी-चिकोडीकडं दुधाचे बल्क कूलर सांभाळले. बिअरशी संबंध आला तो अपघातानं. गोव्याच्या रस्त्यावर एका सीएल नाइनवाल्यानं, म्हणजे बारचं लायसन असलेल्या मालकानं, दोन नळांचं नवं मशीन बसवलं होतं. बसवणारा फिटर पणजीहून आलेला. त्यानं टॉवर, म्हणजे नळांचा खांब, बसवला, पाइप जोडले, गॅसचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर लावला, भिंतीवर खडूनं '१२' लिहिलं, म्हणजे दाब बारा पौंड, आणि दुपारचं जेवण करून चोर्ला घाट उतरला. संध्याकाळी पहिला मग भरला तर खाली दोन बोटं बिअर आणि वर सगळा फेस. दुसराही तसाच, तिसराही. मालक कन्नडभाषक, देवमाणूस. रात्री नऊला त्यांचा फोन आला, "नोरे भाळ बराकत्तैत्रि!" मागून मॅनेजर मराठीत ओरडतोय, "फेस लई यायलाय दादा, लौकर या!" फेस एकच, तक्रार दोन भाषांत. एवढ्या एका बाबतीत आपल्याकडं सीमावाद नाही.

मी जाऊन बघतो तर काय, नळाखाली बादली. फेस बादलीत जमवायलेत आणि खाली बसला की तीच बिअर पिचरमध्ये ओतून परत टेबलावर. का हसताय? हसणारे कोण कोण ते मी बघून ठेवलंय.

मॅनेजरला विचारलं, "काय काय केलंस?" म्हणाला, "फेस आला म्हणून गॅस कमी केला. बारावरनं दहावर आणला. तरी येतोय म्हणून आठवर."

"मग?"

"मग जास्तच यायलाय."

मंडळी, माझं गाऱ्हाणं हेच आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत मी जेवढ्या बारमध्ये गेलो, तिथं फेस आला की पहिला हात रेग्युलेटरच्या, म्हणजे गॅसचा दाब कमी-जास्त करायच्या, स्क्रूवर. सगळ्यांना वाटतं गॅस जास्त म्हणून फेस जास्त. आहे उलटं. कारखान्यातनं केग, म्हणजे बिअरचं पिंप, येतो तेव्हा बिअरमध्ये गॅस आधीच विरघळलेला असतो. बाहेरून आपण जो दाब लावतो तो त्या गॅसला आतच बसवून ठेवायला. तो दाब कमी पडला की आतला गॅस म्हणतो, चला सुटलो, आणि पाइपातच बाहेर पडतो. तोच नळाशी फेस होऊन येतो. म्हणजे तुम्ही आठवर आणलंत तेव्हा फेस थांबवला नाहीत, त्याला दार उघडून दिलंत. आणि असाच आठवर राहिलेला केग हळूहळू मचूळ लागणार. मग फोन कंपनीला, "माल खराब पाठवलाय."

इथंही तसंच झालं. केग बदलून आला, फेस कायम. बसवणारा फोनवर म्हणाला, आमच्याकडं बारावर मस्त चालतंय, तुमच्याच बारमध्ये कायतरी आहे.

बारमध्ये 'कायतरी' होतंच, ते मला अर्ध्या तासात सापडलं. केगच्या कूलरमध्ये बांगडे होते. दोन टोपल्या. किचनची पोरं मासे काढायला दर दहा मिनिटांनी दार उघडत होती. कूलरच्या दारावरचा काटा चार दाखवत होता, पण काट्याला काय, तो हवा मोजतो. मी पहिला मग टाकून दिला, दुसऱ्यात थर्मामीटर बुडवला. सात अंश. साडेतीन अंशांवरच्या बिअरला १२ पौंड दाब पुरतो, तीच बिअर सात अंशांवर गेली की तेवढाच गॅस धरून ठेवायला १६च्या आसपास लागतो. आणि इथं होते आठ! बांगडे बाहेर काढले. किचनमध्ये माझ्या नावानं काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी बिअर साडेतीनवर आली. रेग्युलेटर पुन्हा बारावर. फेस बराच उतरला, पण गेला नाही. पहिले मग ठीक जायचे, जरा वेळ नळ बंद राहिला की पाइपात बुडबुडे दिसायचे. मशीन नवं, पाइप नवा, केग थंड. तीन दिवस डोकं फिरलं माझं.

उत्तर सापडलं ते दुसऱ्याच कामावर. तिलकवाडीत एका घरी फ्रिजमध्ये गॅस भरत होतो. गॅस भरण्याआधी आम्ही व्हॅक्यूम पंपानं आतली हवा ओढून काढतो. पुस्तकात लिहिलंय, काटा पाऱ्याच्या तीस इंचांच्या जवळ जायला पाहिजे. माझ्या सगळ्या आयुष्यात बेळगावात तो काटा साडेसत्ताविसाच्या पुढं गेलेला नाही. माझे वस्ताद म्हणायचे, "आपल्याकडं काटा असाच थांबतो, सोड." मीही सोडत आलो होतो. त्या दिवशी काट्याकडं बघत बसलो आणि एकदम डोक्यात आलं, अरे, पणजीत हाच काटा तिसाला भिडतो!

काटा तोच, हवा वेगळी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, म्हणजे अडीच हजार फूट. आपल्या डोक्यावर हवेचं ओझंच कमी. म्हणून तर पाणी आपल्याकडं शंभराच्या अलीकडं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. रेग्युलेटरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे एवढंच सांगतो. बाहेरची हवाच कमी असेल तर काट्यावर बारा दिसतात, पण बिअरला पणजीतले बारा मिळत नाहीत. दर दोन हजार फुटांना एक पौंड वाढवायचा असा हिशोब आहे. अडीच हजार फुटांना सव्वा पौंड. मी जाऊन खडूनं लिहिलेले '१२' पुसले, सव्वातेरा केले. पाइपातले बुडबुडे गेले.

आता प्रामाणिकपणे सांगतो, त्या फेसात बांगडे बारा आणे होते, घाट चार आणे. उंचीचीच गोष्ट मी अशी रंगवून का सांगतो? कारण ती मला सापडली. बांगडे कुणालाही सापडले असते. वासानंच.

दाब सव्वातेरा केला तसा पाइपही अर्धा फूट लांब केला, हे राहिलं. नळापर्यंतचा तो बारीक पाइप, आतनं ३/१६ इंचाचा, दर फुटाला सुमारे तीन पौंड दाब खातो. बारा पौंडांना चार फूट. काही हुशार लोक टॉवरखालचं वेटोळं बघून म्हणतात, एवढा पाइप कशाला लोंबकळतोय, आणि कापून टाकतात. अहो, तो ब्रेक आहे! चोर्ला उतरताना गाडी न्यूट्रलला टाकता का? काही जण टाकतात म्हणा.

…हो, चिठ्ठी मिळाली. 'दहा मिनिटं. सफाई.' बरं. अध्यक्षांचा चेहरा बघूनच कळलं होतं.

सफाई. भराभर सांगतो, मॅनेजर लोकांनी लिहून घ्या. मी दुधाकडनं आलेला माणूस. दूधवाला संध्याकाळी कॅन न धुता झोपला तर सकाळी डेअरी त्याचं दूध परत पाठवते. बारवाला वर्षभर लाइन धूत नाही आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, ड्राफ्टची चव अशीच असते. नाही हो. लोण्यासारखा वास यायला लागला की पाइपात जंतूंनी घर केलंय. आंबूस, व्हिनेगरसारखा आला की नळाच्या तोंडाशी केलंय. त्यात जंतू पोट भरायला येतात आणि राहायलाच थांबतात.

पाइपात दोन प्रकारचा मळ बसतो. एक चिकट, यीस्ट-प्रथिनांचा, बुळबुळीत. तो कॉस्टिकनं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं, जातो. दुसरा कडक, पांढरट-तपकिरी, कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा. त्याला कॉस्टिक काही करत नाही, त्याला ॲसिड लागतं. हे नवीन वाटत असेल तर घरी आज्जीला विचारा. तेलकट पातेलं ती राखेनं घासायची, तांब्याची घागर चिंचेनं. पातेल्याला चिंच आणि घागरीला राख कधी लावली नाही तिनं. राख म्हणजे क्षार, चिंच म्हणजे आम्ल. आज्जीकडनं एकच गोष्ट शिकायची राहिली, ती म्हणजे दोन्ही एकत्र करायचं नाही. कॉस्टिक आणि ॲसिड यांच्यामध्ये लाइन पाण्यानं पूर्ण धुतलीच पाहिजे.

कॉस्टिक दर चौदा दिवसांनी. आधी पाण्यानं बिअर ढकलून काढा. मग दोन ते तीन टक्क्यांचं द्रावण, डब्यावर लिहिलंय तसं मोजून, अंदाजपंचे नाही. पाणी कोमट, २७ ते ४३ अंश, उकळतं नको. पंप असेल तर पंधरा मिनिटं फिरवा, नसेल तर भरून वीस मिनिटं थांबा. मग गार पाण्यानं धुवा, लिटमसची पट्टी नळाच्या साध्या पाण्याइतकी दिसेपर्यंत. चाटून बघायचं नाही! हातमोजे, चष्मा. आणि हे मोठ्यानं सांगतो, कॉस्टिक कधीही पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. एक घोट घेतला तर माणसाची अन्ननलिका जाते. ॲसिड दर तीन महिन्यांनी.

नळ आणि केगवरचा कपलर, म्हणजे पाइप जोडायचा जोड, दर वेळी सुटे करायचे. पाइप धुतला आणि नळ तसाच ठेवला तर आंघोळ करून कालचाच बनियन घातल्यासारखं आहे.

ग्लास. माशाच्या ताटांबरोबर एकाच टबात धुतलेला ग्लास फेस धरत नाही, तेलाचा नुसता हात लागला तरी फेस बसतो. ओल्या ग्लासात आतनं मीठ भुरभुरा. सगळीकडं सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मध्ये मोकळे पट्टे राहिले तर तिथं तेल आहे. आणि बोटभर फेस राहू द्या, गिऱ्हाईक भांडलं तरी. तो वास धरून ठेवतो.

गॅसचा सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा. केग बंद कूलरमध्ये असतील आणि गॅस गळत असेल तर तो हवेपेक्षा जड, खाली साठतो, वास नाही, रंग नाही. आत जाण्याआधी दार उघडून थोडा वेळ थांबा. आत कुणी पडलेला दिसला तर धावत आत जाऊ नका, दुसरा पण पडतो. ही दोन वाक्यं खरं तर पहिली घ्यायला हवी होती.

पुन्हा चिठ्ठी? एवढंच सांगतो. फेस आला की क्रम असा, आधी दुसऱ्या मगात थर्मामीटर, मग नळ सुटा करून आत बघा, मग ग्लास, मग पाइप कुठं चेपलाय का. रेग्युलेटर सगळ्यात शेवटी, तोही बेळगावच्या हिशोबानं एकदा लावला की स्क्रूवर रंगाचा ठिपका द्या. ठिपका हलला की पोरांनी हात लावलाय हे कळतं.

या पिशवीत एक नळ आणलाय. कुठल्या बारचा ते सांगणार नाही, ते मालक दुसऱ्या रांगेत आहेत. दोन वर्षं उघडला नव्हता. आत काळा थर आहे, आणि त्यात एक चिलट आहे, अगदी पंखांसकट. टेबलावर पाना ठेवतो, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढं या, स्वतः उघडा, वास घ्या. मागं चहा ठेवलाय, तो आधी घेऊन या.