कडेकडेने नाही, आतून

(पडद्यावर: तापलेली कढई. सोऱ्यातून गोल फिरत पडणारी चकली. फक्त तळणीचा आवाज.)

दिवाळी तोंडावर आली आहे आणि घरच्या घरी फराळ करून विकायचा आहे. शेगडी एकच, दिवसाचे आठ तास पेटती. एक किलो चकली तळायला अर्धा तास लागतो, एक किलो शेवेला पाव तास. चकलीवर किलोमागे ९० रुपये सुटतात, शेवेवर ६०. नाक्यावरचा दुकानदार दोन्ही मिळून दिवसाला २० किलोच्या वर माल उचलत नाही. तर चकली किती करायची आणि शेव किती?

घरातलं एक जण म्हणेल, पैसा चकलीत आहे, चकलीच करा. आठ तासांत १६ किलो, १४४० रुपये. दुसरं जण जरा जास्त हुशार. ते म्हणेल, शेगडीच्या एका मिनिटाला चकली ३ रुपये देते, शेव ४. म्हणजे शेवच करा. २० किलो शेव, १२०० रुपये, आणि शेगडी तीन तास नुसती थंड.

दोघंही चुकले. १२ किलो चकली, ८ किलो शेव. १५६० रुपये.

(पडद्यावर: आलेख. दोन रेषा, त्यांच्यामध्ये रंगलेला एक वाकडातिकडा चौकोन.)

बारावीत हे आलेख काढून सोडवलेलं अनेकांना आठवत असेल. लिनिअर प्रोग्रॅमिंग. आडव्या अक्षावर चकली, उभ्या अक्षावर शेव. शेगडीची मर्यादा ही एक रेषा, दुकानदाराची दुसरी. या दोन रेषा आणि दोन अक्ष यांच्या आत जमू शकणारे सगळे बेत. आता नफ्याची पट्टी या चौकोनावरून सरकवत न्या. पट्टी चौकोन सोडताना शेवटचा स्पर्श कुठे करते? कोपऱ्याला. उत्तर कोपऱ्यावर सापडतंच, मधल्या जागेत शोधायची गरज नाही.

पदार्थ दोन असतील तर कोपरे चार. पण विमान कंपनीकडे, तेलशुद्धी कारखान्याकडे किंवा सैन्याच्या रसद खात्याकडे हजारो ‘पदार्थ’ असतात. तिथे हा चौकोन उरत नाही, हजारो मितींमधला अगणित पैलूंचा हिरा होतो. तो डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करू नका, गणितज्ञांनाही तो दिसत नाही. प्रश्न मात्र तोच राहतो, की योग्य कोपरा गाठायचा कसा.

(पडद्यावर: पेंटागॉनची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१९४७. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग अमेरिकेच्या हवाई दलासाठी पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात काम करत होते. सैन्याच्या भाषेत ‘प्रोग्रॅम’ म्हणजे आखणी: कोणती तुकडी कुठे, रसद किती, प्रशिक्षण कधी. लिनिअर प्रोग्रॅमिंगमधला प्रोग्रॅम तिथला आहे, संगणकातला नाही. डँट्झिग एक उदाहरण आवडीने देत. ७० माणसं आणि ७० कामं, प्रत्येकाला एक काम द्यायचं. वाटणीचे प्रकार किती? एकावर शंभर शून्यांपेक्षाही जास्त. एकेक तपासत बसायला विश्वाचं वय पुरणार नाही.

त्यांनी काढलेल्या रीतीचं नाव सिम्प्लेक्स. कल्पना इतकी साधी की थोडा रागच यावा. एका कोपऱ्यावर उभं राहा. शेजारच्या कोपऱ्यांकडे बघा. जिथे नफा वाढतो तिथे कडेकडेने जा. वाढायचा थांबला, की तोच मुक्काम.

पहिल्या मोठ्या परीक्षेला आला जेवणाचा प्रश्न. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये विचारलं होतं: एका माणसाला वर्षभर लागणारी पोषणद्रव्यं कमीत कमी किती पैशांत मिळतील? ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषणद्रव्यं. त्याने अंदाज आणि तर्क लढवून उत्तर काढलं: १९३९ च्या भावांनी ३९ डॉलर ९३ सेंट. ताटात काय, तर गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याचे दाणे. सिम्प्लेक्सने हाच प्रश्न सोडवायला नऊ माणसं हाताने चालवायची गणकयंत्रं घेऊन बसली. सगळ्यांचे मिळून १२० दिवस खर्ची पडले. उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलरचा अंदाज चोवीस सेंटांनी हुकला होता, बस्स!

पुढे डँट्झिग यांना वजन कमी करायचं होतं. त्यांनी स्वतःचा आहार असाच मांडला. पोट भरल्यासारखं वाटावं आणि पदार्थात पाणी कमी असावं, असा हिशेब घातला. यंत्राने सांगितलं, दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्या. व्हिनेगरमधलं पाणी तक्त्यात शून्य धरलं गेलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं, तर पुढचं उत्तर आलं दिवसाला २०० बुयॉन क्यूब, म्हणजे सूप करायच्या खारट वड्या. मिठाला कमाल मर्यादा घालायची राहिली होती. निर्णयाची मॉडेलं विकणारे लोक ही गोष्ट फारशी सांगत नाहीत. त्यांनी ती आधी सांगावी, असं आम्हाला वाटतं.

(पडद्यावर: हळूहळू फिरणारा घन. त्याच्या कडांवरून सरकणारा लाल ठिपका.)

सिम्प्लेक्स प्रत्यक्षात जोरात चालायची. ती नेहमीच जोरात चालेल, हे मात्र कुणाला सिद्ध करता येईना. १९७२ मध्ये व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी मुद्दाम वाकवलेला एक घन रचून दाखवला. त्यावर सिम्प्लेक्स नेमकी फसते आणि एकूण एक कोपरा फिरून मग उत्तराला पोचते. ५० मिती घेतल्या, तर सेकंदाला दहा लाख कोपरे ओलांडूनही साधारण ३५ वर्षं. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान यांची रीत आली. कितीही वाईट उदाहरण घेतलं तरी ती आटोक्यातल्या वेळात संपते, हे कागदावर पक्कं झालं. संगणकावर मात्र ती कासव निघाली.

एकीकडे धावणारी पण हमी नसलेली रीत, दुसरीकडे हमी असलेली पण रांगणारी.

(पडद्यावर: पवईचा तलाव, पलीकडे आयआयटीच्या इमारती.)

नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले, मग अमेरिकेत कॅलटेक, मग बर्कली विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली पीएचडी. तिथून न्यू जर्सीतली बेल लॅब्ज, म्हणजे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९८४ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

त्यांनी कडा सोडल्या आणि हिऱ्याच्या पोटातून वाट काढली.

ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की आत उभं राहून नफ्याच्या दिशेने निघालं, की बहुतेकदा लगेच एखादी भिंत आडवी येते. भिंतीजवळ पाऊल आखूड टाकावं लागतं. पुढचं आणखी आखूड. असंच चाललं तर तिथेच खुरडत बसायची वेळ. मधोमध असाल तर ही अडचण नाही, चारी बाजूंनी ऐसपैस जागा आहे, लांब ढांग टाकता येते. पण प्रत्येक पावलानंतर मधोमध येणार कसं?

करमरकरांनी चालणाऱ्याला हलवलंच नाही, भिंती हलवल्या. तिरक्या कोनातून फोटो काढला की लांबची खिडकी लहान दिसते, जवळची मोठी. अंतरं बदलतात, पण सरळ रेषा सरळच राहतात. त्याच जातीचं रूपांतर वापरून ते सगळा हिरा असा ताणतात की आपण उभे आहोत तो बिंदू बरोबर मध्यात येतो. मग एक मोठं पाऊल. मग रूपांतर उलटं फिरवून मूळ हिऱ्यात परत. पुन्हा ताणा, पुन्हा पाऊल. अशाने वाईटात वाईट उदाहरणातही वेळ आटोक्यात राहतो, याची सिद्धता निबंधात होती. वर दावा होता की ही रीत प्रत्यक्षातही वेगवान आहे.

(पडद्यावर: छापखाना. वर्तमानपत्राचे गठ्ठे.)

१९ नोव्हेंबर १९८४. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर.

इथून गोष्ट थोडी आंबट होते. सिम्प्लेक्सच्या ५० पट वेगाचे आकडे ऐकू येऊ लागले, पण बेल लॅब्ज संगणकावरचा प्रोग्रॅम दाखवेना. सिद्धता सगळ्यांसमोर, वेग मात्र कपाटात कुलूपबंद. जो आकडा इतरांना स्वतः काढून बघता येत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं संशोधक विचारत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मग १९८८ मध्ये एटी अँड टीला पेटंट मिळालं. गणिताच्या रीतीवर मालकी! त्यावर अनेक जण भडकले. कंपनीने ही रीत चालवणारं संगणकासकटचं अख्खं यंत्रच विकायला काढलं, किंमत ८९ लाख डॉलर. गिऱ्हाइकांमध्ये होतं अमेरिकन हवाई दल. डँट्झिग यांनी जिथून सुरुवात केली, तेच.

गर्दी जमली तशी जुनी कागदपत्रंही उघडली गेली. १९८६ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की करमरकरांची रीत आणि भिंतीजवळ जाताना दंड वाढवत नेणारी एक जुनी रीत यांचं नातं सख्खं आहे. सायबेरियातल्या इर्कुत्स्कच्या इल्या दिकिन यांनी १९६७ मध्येच आतून चालायची एक वाट लिहून ठेवली होती, पण पश्चिमेत ती कुणी वाचली नव्हती. मग श्रेय कुणाचं? आमच्या मते वादात दम कमी आहे. वाटा आधी होत्या. मोठे प्रश्न आतून वेगाने सुटू शकतात आणि त्याची हमीही देता येते, हे १९८४ नंतरच लोकांना पटलं. गणितातलं फुलकरसन पारितोषिक करमरकरांना १९८८ मध्ये मिळालं, संगणकशास्त्रातला पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार २००० मध्ये. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली.

सिम्प्लेक्स मेली का? उलट, प्रतिस्पर्धी आल्यावर तिचे जाणकार कामाला लागले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती कितीतरी चपळ झाली. आजची मोठी सॉफ्टवेअरं अनेकदा एकाच संगणकात दोन्ही रीती शेजारी शेजारी सोडतात आणि जी आधी पोचेल तिचं उत्तर घेतात.

(पडद्यावर: पुन्हा कढई. वजनकाट्यावर चकलीचं पाकीट.)

आपल्या फराळाचा हिशेब दोघींना दिला, तर सिम्प्लेक्स कोपऱ्यावर जाऊन स्वच्छ सांगते: १२ आणि ८. आतून येणारी रीत कोपऱ्याच्या अगदी जवळ थांबते. तिच्या मते चकली ११.९९९९९९ किलो, शेव ७.९९९९९९. म्हणून शेवटी आणखी एक टप्पा जोडलेला असतो. तो या बिंदूला उचलून नेमक्या कोपऱ्यावर नेऊन ठेवतो, आणि त्या टप्प्यात काम करते सिम्प्लेक्सच.