दिवाणाएवढं खुराडं

(रामबाग, इंदूर. जुन्या घराचं परस. फरशीवर खडू फिरतोय.)

कोंबडी अजून एकही आलेली नाही. काकू आधी चौकट आखतायत. ६ फूट बाय ४. "दिवाणाएवढं झालं की!" सहा कोंबड्या येणार, एकीला आत ४ चौरस फूट, म्हणून २४.

सुतारदादांच्या डोक्यात ३ बाय ३ चं खोकं आहे. जात झाबुव्याची कडकनाथ, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पण मादी जेमतेम दीड किलोची. तिला एवढा महाल कशाला?

"दादा, नुसतं रात्रीपुरतं नाही हो. झड लागली की दिवसभर आतच असणार त्या."

टेप पुन्हा उघडते.

अंडी घालायची खोकी बाहेरून भिंतीला लावली आहेत, म्हणजे आतली जमीन अडत नाही. फूट-फूटभराची दोन. चौघी-पाचजणींत एक पुरतं. तसं सगळ्यांचं आवडतं खोकं एकच असतं म्हणा. बसायचा दांडा खोक्यांहून उंच हवा. कोंबडी रात्री उंचातली उंच जागा धरते. खोकं वर राहिलं तर तिथंच झोपेल, आणि सकाळची अंडी घाणीत. दांडा ६ फुटांच्या बाजूनं, एकीला १० इंच.

छताखाली वीतभर पट्टी नुसती जाळीची. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, आणि विष्ठेतला अमोनिया बारा महिने बाहेर जायला हवा. जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या भोकातून बोक्याचा पंजा आत येतो. फिरायच्या वाड्याला तीच जाळी, मुंगूस उकरतं म्हणून जमिनीत फूटभर गाडलेली. वाडा ६ बाय १०. त्यासाठी तुळशीवृंदावन हातभर सरकवलंय, सासूबाईंना विचारून.

जागा अपुरी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, वास सुटतो, शेजारी बोलतात.

तळाला चार बोटं भुसा. दादांच्याच रंध्याखालचा.

(आठवड्यानंतर. तिन्हीसांज.)

काळा तुरा, काळी चोच, काळे पाय. कुणी हाक मारलेली नाही, तरी एकेक जण आत शिरतेय.

आत सहाही जणी दांड्याच्या एका टोकाला, अंगाला अंग लावून. दादा टेप धरून दाखवतात: चार फुटांत भागलंय.

"जानेवारी आहे, दादा. मे महिन्यात या. पंख फाकवून बसतील, तेव्हा मोजा."