मेंदू भीती कशी आवरतो?

श्रोतेहो, भीतीविषयी बोलताना आपण बहुधा ती घालवण्याची भाषा करतो. माझे आजचे म्हणणे असे आहे की एकदा मनात बसलेली भीती मेंदू सहसा पुसून टाकत नाही, तो तिला आवरायला शिकतो, आणि हे आवरणे म्हणजे एक वेगळे, नवे शिक्षण असते. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर उपचारांनी शमलेली भीती पुन्हा उसळली म्हणून स्वतःला दूषणे देणाऱ्या अनेकांचा मनस्ताप कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

भीती उठते कशी, ते आधी पाहू. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या अंगाला खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. कानांनी टिपलेला आवाज थॅलॅमसपर्यंत, म्हणजे इंद्रियांकडून आलेले संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतील केंद्रापर्यंत आला की तेथून अमिग्डालाकडे दोन वाटा जातात. एक थेट आणि त्रोटक, तर दुसरी कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून जाणारी, थोडी लांबची पण तपशीलवार. मेंदूवैज्ञानिक जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या दोन वाटांचा माग काढला. धोक्याची खूण पटताच अमिग्डालाकडून शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांवर ताबा ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमसला आणि मेंदूच्या खोडाला संदेश जातात. मग छाती धडधडू लागते, अ‍ॅड्रेनलिन आणि त्यामागून कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात आणि प्राणी जागच्या जागी थिजतो किंवा पळ काढतो.

यावरून अमिग्डाला म्हणजेच भीतीचे केंद्र, असा समज पसरला. तो अपुरा आहे. संशोधनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने निकामी झाले होते. तिने साप निर्धास्तपणे हातात घेतला होता आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नसे. मात्र 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइडचे मोठे प्रमाण असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा जीव घुसमटून ती प्रचंड घाबरली. बाहेरून येणाऱ्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी भीती या दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी नसतो, हे त्यातून दिसले.

आता आवरण्याकडे वळू, कारण खरा गाभा तिथे आहे. उंदराला एक विशिष्ट सूर ऐकवून लगेच पायाला विजेचा सौम्य झटका दिला, की थोड्याच वेळात नुसता सूर ऐकूनही तो थिजतो. पुढे तोच सूर झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवला, तर थिजणे हळूहळू थांबते. जुनी आठवण पुसली गेली, असे कुणालाही वाटेल. पण काही काळ मध्ये जाऊ दिला, किंवा उंदराला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवून सूर ऐकवला, तर ती भीती परतते. म्हणजे ‘हा सूर धोक्याचा’ ही जुनी नोंद शाबूत असते आणि तिच्याशेजारी ‘येथे हा सूर निर्धोक’ अशी दुसरी नोंद झालेली असते. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क या संशोधकांनी 2002 साली दाखवले की मेंदूच्या पुढच्या भागातील, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या आतल्या बाजूच्या काही पेशी या दुसऱ्या नोंदीची आठवण होते तेव्हाच सुरावर प्रतिसाद देतात. भीती अजून शमवलेली नव्हती अशा उंदरांमध्ये सुराच्या जोडीने या भागाला बाहेरून चेतना दिली, तेव्हा त्यांचेही थिजणे कमी झाले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. भीती न दिसणे म्हणजे काहीतरी नाहीसे होणे नव्हे, त्या वेळी मेंदूत एक काम चाललेले असते, हे त्याने प्रत्यक्ष दाखवले.

त्या दुसऱ्या नोंदीतला ‘येथे’ हा भाग हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे जागा आणि प्रसंग यांच्या आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाच्या आधाराने जपला जातो. त्यामुळे धोका शिकलेला मेंदू त्याची खूणगाठ कुठेही बरोबर नेतो, पण सुरक्षितता मात्र ती जिथे शिकली त्या जागेशी बरीचशी बांधलेली राहते.

चिंतेचे स्वरूप थोडे निराळे आहे. तिच्यात धोका समोर नसतो, तो कधी आणि कुठून येईल याची धास्ती असते, आणि ती तासन्‌तास, कधी महिनोन्‌महिने टिकते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सलग काही दिवस ताणाखाली ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडल्या, तर अमिग्डालामधील शाखा उलट वाढल्या. ताण संपल्यावर तीन आठवडे विश्रांती मिळूनही अमिग्डालामधली वाढ आणि उंदरांची चिंता ओसरली नाही. ‘आता सारे ठीक आहे, मग कशाला काळजी करतोस?’ असे चिंताग्रस्त माणसाला सुनावणारे या निष्कर्षापाशी क्षणभर थांबतील, तर बरे होईल.

अशा अवस्थेत माणूस स्वाभाविकपणे भीतीची जागा टाळू लागतो. टाळल्याने लगेच हायसे वाटते, पण ‘येथे काही झाले नाही’ ही नवी नोंद होण्याची संधीच हुकते. म्हणून लिफ्टची धास्ती घेतलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने लिफ्टपाशी नेतात. प्रथम नुसते दारासमोर उभे राहणे, मग आत पाऊल ठेवणे, मग एक मजला जाणे. या वेळी छाती धडधडली तरी ती जोरजबरदस्तीने शांत करण्याचा आग्रह नसतो, कारण धडधड असूनही अपेक्षित संकट आले नाही, हा अनुभवच मेंदूला शिकवतो. आणि हा सराव एकाच इमारतीत, एकाच वेळी, नेहमी सोबत कुणीतरी असताना करून भागत नाही. वेगवेगळ्या लिफ्ट, वेगवेगळ्या वेळा, कधी सोबतीने तर कधी एकट्याने, असा तो पसरवावा लागतो, म्हणजे सुरक्षिततेची नोंद एकाच ठिकाणाला चिकटून राहत नाही. काही महिन्यांनी अनोळखी इमारतीत पुन्हा धास्ती वाटली, तर जुनी नोंद तेवढ्यापुरती वर आली आहे असे समजून तिथेही पुन्हा थोडा सराव करायचा असतो.